सोलापूर हे पुण्याचे प्रतीक्षालय नव्हे

२००१ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ८,७२,४७८ होती. त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, लोकसंख्या ८,७३,३११ होती. फरक अवघा ८३३ माणसांचा. दोन्ही शहरे त्या दिवशी एकाच रेषेवर उभी होती. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, सोलापूर ९,५१,५५८ वर थांबले आणि संभाजीनगर ११,७५,११६ वर पोहोचले. एकाची वाढ नऊ टक्के, दुसऱ्याची चौतीस टक्क्यांहून अधिक. पिंपरी-चिंचवड तर याच दशकात दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेले.

त्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. सोलापूर केवळ राज्याच्या गतीने वाढले असते, तरी २०११ मध्ये तेथे दहा लाखांहून अधिक लोक असायला हवे होते. म्हणजे साठ हजारांच्या आसपास माणसे या हिशेबात सापडत नाहीत. जन्मदराचा थोडाफार फरक धरला तरी ही तूट भरून निघत नाही. ही माणसे कोठे गेली, हे सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. सकाळी निघून दुपारच्या आत पुण्यात पोहोचविणाऱ्या गाड्यांची नावे येथील प्रत्येक घराला पाठ आहेत.

'लोकसंख्या कमी वाढली, ही तर चांगली गोष्ट!' असे म्हणणारे महाभाग भेटतात. त्यांना एकच विचारावे : जे गेले ते कोण होते? अभियंते, परिचारिका, लेखापाल, कुशल कारागीर, नुकतेच लग्न झालेली जोडपी. मागे राहिले ते त्यांचे आईवडील. ज्या शहरातील पंचविशी ते पस्तिशीची पिढी दर वर्षी गाडीत बसून निघून जाते, त्या शहरातील वाचनालये, नाट्यसंस्था, उत्सव मंडळे आणि सेवाकार्ये यांचा भार हळूहळू साठीच्या पुढच्या खांद्यांवर येऊन पडतो. हा प्रश्न केवळ अर्थकारणाचा नाही, तो समाजजीवनाचा आहे.

हे शहर मागासलेले कधीच नव्हते

सोलापूरविषयी एक सोयीस्कर समज मुंबई-पुण्यात पसरलेला आहे. ऊन फार, पाऊस कमी, पाणी नाही, लोक गरीब, भाषा चार. मग तेथे उद्योग कसा येणार? इतिहास या समजाला क्षणभरही उभे राहू देत नाही. सोलापूरला नगरपालिका आली १८५२ मध्ये. रेल्वे पोहोचली १८६० मध्ये. १८७० च्या दशकात कापडगिरणीची पायाभरणी झाली. त्यानंतर नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर हे शहर उठू-झोपू लागले. ऊन तेव्हाही होते, पाऊस तेव्हाही कमीच होता.

याच शहराच्या नगरपालिकेवर १९३० मध्ये राष्ट्रध्वज फडकला. इंग्रज सरकारला येथे लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चार सोलापूरकर येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. ज्या गिरणी कामगारांच्या शहराने साम्राज्याला घाम फोडला, त्याला 'मागास' म्हणताना जीभ चाचरायला हवी.

आणखी एक उदाहरण पाहा. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी सिंधिया कंपनीच्या रूपाने भारतीय जहाज वाहतुकीचा पाया रचला. त्यांच्याच पुढाकाराने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा, बंगळूरला विमानांचा आणि मुंबईला मोटारींचा कारखाना उभा राहिला. भारतीय उद्योगाचा एवढा मोठा स्वप्नद्रष्टा ज्या मातीत निपजला, ती माती उद्योगाला वांझ कशी? खरे दुखणे निराळे आहे. सोलापूर माणसे घडविते, पण त्यांच्या कर्तृत्वाला जागा देणारी व्यवस्था सोलापूरभोवती उभी राहत नाही.

गिरणी गेली, तिच्या जागी काय आले?

गिरण्या का बंद पडल्या, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. जुनी यंत्रसामग्री, नफा काढून घेऊन पुन्हा न गुंतविणारे मालक, टोकाला गेलेले संघर्ष, यंत्रमागाची स्पर्धा आणि धोरणांची धरसोड ही सगळी कारणे खरी आहेत. परंतु त्याहून मोठा अपराध नंतरचा आहे. गिरण्या मेल्या तेव्हा त्यांच्या जागी काय उभे करायचे, याचा विचार ना राज्याने केला, ना शहराने. गिरणीतून बाहेर पडलेला पुरुष यंत्रमागावर गेला आणि घरातील स्त्रीने विड्या वळायला सूप मांडीवर घेतले. पद्मशाली समाजाच्या हातातील विणकामाच्या कौशल्याने हे शहर तगले, धोरणाने नव्हे.

सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल यांना २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले. देशात अशी ओळख मिळविणाऱ्या सुरुवातीच्या वस्तूंत त्यांची गणना होते. पुढे काय झाले? मानांकनाचा कागद मिळाला म्हणून बाजार मिळत नाही. 'सोलापुरी' नावाने दुसरीकडे विणलेल्या चादरी राजरोस विकल्या जातात. पानिपतच्या मऊ मिंक ब्लँकेटने चादरीचे गिऱ्हाईक ओढून नेले. नव्या पिढीला आवडेल असा रंग, वजन, विणीचा नमुना शोधणारी संस्था, रंगाई-धुलाईला पुरेसे पाणी, सांडपाणी शुद्ध करण्याची सामायिक सोय आणि आधुनिक मागासाठी परवडणारे कर्ज, या चार गोष्टी एकत्र आल्या असत्या तर मानांकनाला अर्थ राहिला असता. आपण सत्कार केले आणि घरी गेलो.

येथे रे नगरचा उल्लेख केला पाहिजे. कुंभारी येथील विडी कामगार, यंत्रमाग कामगार, असंघटित कष्टकरी यांच्या तीस हजार घरांच्या या प्रकल्पातील पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या पत्र्याखाली दिवस काढले, त्यांच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली आली, ही लहान गोष्ट नव्हे. प्रकल्पाचा पाठपुरावा डाव्या कामगार नेत्यांनी केला आणि तो केंद्राच्या योजनेतून पूर्णत्वाला गेला. चांगल्या कामाला पक्षाचे कुंपण नसते, हे त्यातून दिसले. पण घर हा अर्धा संसार आहे. उरलेला अर्धा म्हणजे घराजवळचे काम. शहराबाहेर वसलेल्या त्या हजारो कुटुंबांतील मुलगीही आईप्रमाणे विडीच वळणार असेल, तर आपण भिंती बदलल्या. भाग्य बदलले नाही.

धरण उशाला, कोरड घशाला

सोलापूरच्या दारिद्र्याचे सर्वांत लाजिरवाणे रूप म्हणजे नळ. भीमेवरचे उजनी धरण याच जिल्ह्यात, १९८० मध्ये पूर्ण झालेले. पूर्ण भरले की एकशे सतरा टीएमसी पाणी साठविणारे. आणि त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात कित्येक वर्षे तीन, चार, पाच दिवसांआड पाणी! उजनीहून थेट जलवाहिनी आली १९९८ मध्ये. पण त्याआधीच, १९९२ च्या हद्दवाढीने, शहर सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर पसरले होते. क्षेत्र पाचपटींनी वाढले. नळ, गटार, रस्ता मात्र जुन्या शहराच्या मापाचेच राहिले. दुसऱ्या समांतर जलवाहिनीचे काम निविदा, ठेकेदार, भूसंपादन आणि वाढीव खर्च यांच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे रखडले.

धरण कोरडे नसते, मग पाणी जाते कोठे? अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या पुढे आहे. ऊस लावणारा शेतकरी दोषी नाही. त्याला हमखास गिऱ्हाईक देणारे दुसरे पीक आपण उभे करू शकलो नाही. पण पाण्याच्या वाटपात उसाचा आवाज मोठा आणि शहराच्या नळाचा आवाज क्षीण, हे सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन मिळते, जेथे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले, त्या जिल्ह्याला उसाखेरीज पर्याय नाही असे कोणी सांगू नये.

येथे कोणी म्हणेल, संभाजीनगरातही पाण्याची बोंब आहेच. तरी ते वाढले. बरोबर आहे, आणि त्यातच उत्तर आहे. तेथील नागरिकाच्या नळाला पाणी नव्हते, तेव्हाही औद्योगिक वसाहतीला जायकवाडीहून स्वतंत्र पाणी मिळत होते. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्यामागे सुट्या भागांचे शेकडो उद्योग आले, पुढे शेंद्र्याची नवी औद्योगिक नगरी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. शासनाने मनावर घेतले की कोरड्या माळावरही पाणी पोहोचते. जे मराठवाड्याच्या राजधानीला मिळाले ते मिळायलाच हवे होते. त्याबद्दल असूया नाही. प्रश्न इतकाच, की तेच मनावर घेणे सोलापूरच्या वाट्याला का आले नाही?

मोठी शहरे आपोआप वाढतात, बाजाराचा तो नियम आहे, असे सांगणारे पंडित या ठिकाणी गप्प होतात. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आली. भूखंड कोठे द्यायचे, सवलत कोणत्या तालुक्याला द्यायची, रस्ता कोठून न्यायचा, हे सारे निर्णय माणसांनी घेतले. पुणे मोठे झाले ते केवळ हवा चांगली म्हणून नव्हे. निर्णयांनी जे एका जागी साचविले, ते निर्णयांनीच पसरविता येते.

दार उघडले, पण कोणत्या दिशेने?

गेल्या काही वर्षांत सोलापूरच्या वाट्याला बरेच आले, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल. पुण्याचा महामार्ग रुंद झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत धावू लागली. विमानतळाचा वाद तर शहराला दुभंगून गेला होता : एका बाजूला विमानसेवा हवी म्हणणारे नागरिक, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवर ज्यांचे पोट आणि ज्यांचा ऊस अवलंबून होता असे सभासद. न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या वादाचा शेवट १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले.

आनंद आहे. परंतु रेल्वे काय, विमान काय, ही दारे आहेत. दारातून माणूस आत येतो तसा बाहेरही जातो. आत येण्याजोगे काही नसेल, तर वेगवान गाडी म्हणजे वेगाने रिकामे होण्याची सोय. आज सोलापूरचा तरुण मुलाखतीला पुण्याला जाऊन त्याच दिवशी परततो. उद्या नोकरी लागली की परतत नाही. दक्षिण सोलापुरात १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. वीज देशाच्या जाळ्यात जाते, राख आणि धूर जिल्ह्यात राहतो. वीज येथे, ऊस येथे, कुशल हात येथे, आणि या सगळ्यांना जोडून रोजगार निर्माण करणारा निर्णय मात्र तिसरीकडेच, असे हे चित्र आहे.

२०२५ मध्ये सोलापूरसाठी आयटी पार्कची घोषणा झाली. तिचे स्वागतच आहे. मात्र इमारत म्हणजे उद्योग नव्हे, हे चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहून शिकता येते. ज्या कंपन्या या शहराने स्वबळावर वाढविल्या त्यांच्याकडे पाहा : प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापुरातून जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरविते, बालाजी अमाइन्सने रसायन उद्योगात देशात नाव मिळविले. सोलापुरात जागतिक दर्जाचे उत्पादन होऊ शकते की नाही, हा वाद त्यांनी कधीच संपविला आहे. अशी दोन नावे आहेत. वीस का नाहीत, हा खरा प्रश्न.

महापालिका की मागणीपत्रे लिहिणारे कार्यालय?

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले, अठरा विषय त्यांच्याकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्षात काय झाले? आधी जकात गेली, मग तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका दर महिन्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. स्वतःचे उत्पन्न नाही म्हणून स्वतःची योजना नाही. स्वतःची योजना नाही म्हणून प्रत्येक पाइपसाठी मंत्रालयाची पायरी. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराला निवडून आलेला एक नगरसेवक नव्हता. साडेनऊ लाखांच्या शहराने आपल्या गल्लीतील गटारासाठी कोणाकडे जावे?

स्मार्ट सिटीचा अनुभवही डोळसपणे तपासला पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये देशातील पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर निवडले गेले. अभिमानाचा क्षण होता. मार्च २०२५ मध्ये ते अभियान संपले. काही रस्ते, चौक, मैदान, तलावाचा काठ सुधारला. पण मोजक्या भागाच्या सुशोभीकरणाने हद्दवाढीतील वस्तीच्या नळाला पाणी आले नाही. आणि एक कटू गोष्ट आपणच आपल्याला सांगायला हवी. २०१७ मध्ये महापालिकेत सत्तांतर झाले ते मोठ्या अपेक्षेने. सत्ता आपल्या विचारांच्या लोकांच्या हाती आली म्हणजे काम संपले, असे समजून कार्यकर्ता घरी बसला. विरोधी पक्षाला जाब विचारताना जो आवाज चढतो, तो आपल्यांना विचारताना उतरत असेल, तर ती निष्ठा नव्हे, आळस आहे.

सुरतेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९९४ च्या प्लेगच्या साथीने ते शहर रिकामे झाले होते. १९९५ नंतर महापालिकेने वॉर्डावॉर्डांत अधिकार आणि जबाबदारी दिली, अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरले, आणि काही वर्षांत तेच शहर स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले. सुरत ही काही राज्याची राजधानी नाही. तीही यंत्रमागाचीच नगरी.

मग करायचे काय?

पहिले पाणी. रोज, ठरावीक वेळी, मोजून. केवळ उजनीहून जाडजूड वाहिनी आणून भागणार नाही. टाक्या, गळती, अनधिकृत जोड आणि मीटर हे अप्रिय काम हाती घ्यावे लागेल. पाण्याचे बिल भरणारा नागरिकच पाण्याचा हिशेब मागू शकतो.

दुसरे, आहे त्या कौशल्यावर उभारणी. २०१७ पासून सोलापूरच्या तयार कपडे उत्पादकांनी गणवेशांचे प्रदर्शन भरवून शालेय गणवेशाची बाजारपेठ शोधली. सरकारची वाट न पाहता. चादर, टॉवेल, गणवेश या तिन्हींसाठी एकच सामायिक रंगाई केंद्र, नमुना संशोधन आणि नक्कल रोखणारी यंत्रणा हवी. २००४ मध्ये स्थापन झालेले आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे विद्यापीठ एकाच जिल्ह्यासाठी आहे. महेश्वरला विणकर वसवून त्यांच्या मागाला राजाश्रय देणाऱ्या राणीच्या नावाच्या विद्यापीठाने विणकराच्या गल्लीत यायला नको का?

तिसरे, शहराचा परिसर. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही तिन्ही क्षेत्रे सोलापूरभोवती आहेत. लक्षावधी भाविक सोलापूरवरून जातात. रात्र मात्र येथे काढत नाहीत. त्यांनी येथे थांबावे, सिद्धेश्वराचे दर्शन घ्यावे, चादर घेऊन जावे, यासाठी स्वच्छ स्थानक, चांगली बस आणि विश्वासार्ह दुकान एवढेच हवे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा ही अडचण मानली गेली. वस्तुतः तीन राज्यांच्या बाजारपेठांची ती किल्ली आहे.

चौथे, सत्तेचे विकेंद्रीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूरच्या पक्षकाराची मुंबईवारी टळली. कित्येक दशकांच्या मागणीनंतर का होईना, घडले. आभाळ कोसळले नाही. मग राज्याची महामंडळे, संचालनालये, प्रशिक्षण संस्था मुंबई-पुण्यातच कशासाठी? वस्त्रोद्योगाशी संबंधित एखादे राज्यस्तरीय कार्यालय सोलापुरात का नको?

आणि पाचवे, आपण स्वतः. 'पोराला पुण्याला पाठवा' हा मध्यमवर्गीय घरातील मंत्र झाला आहे. शिकायला जरूर पाठवा. पण मुलगा परत येऊन येथे काही सुरू करू म्हणाला, की 'वेडा झालास काय!' म्हणणारे आपणच असतो. बाहेर स्थिरावलेल्या सोलापूरकराने गड्ड्याच्या यात्रेला येऊन भाकरी आणि शेंगाचटणीचे गुणगान करावे, हे पुरे नाही. आपल्या कंपनीचे एक काम, एक मागणी, एक प्रशिक्षण वर्ग सोलापूरकडे वळवावा. आपल्या सोसायटीतील शाळेचा गणवेश कोठून येतो, हे विचारावे.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत देवळापुरते काम ठेवले नाही, तलाव खोदविला. लोकांनी हात लावला, पाणी साठले, गाव वाढले. आज त्याच तलावाच्या काठी उभे राहून आपण पाण्यासाठी, कामासाठी, भविष्यासाठी दुसऱ्या शहराच्या दिशेने पाहतो आहोत. येत्या जनगणनेत सोलापूरचा आकडा पुन्हा समोर येईल. तो लाज आणणारा असेल, तर दोष उन्हाचा, पावसाचा किंवा मुंबईचा म्हणून सुटका करून घेता येणार नाही. महापालिकेच्या सभेत, उद्योजकांच्या बैठकीत, आपल्या लोकप्रतिनिधीच्या दारात जाऊन पाण्याचा, कामाचा आणि अधिकारांचा हिशेब मागायचा आहे. आणि तो आता, पुढची गाडी भरून निघण्याच्या आत.